मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन फिलाडेल्फिया. काय बघावं, शाकाहारी कुठे खावं, आणि आनंदीबाईंच्या खुणा

अबोली:

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सध्या सांगलीहून आई-बाबा आलेत. ऑक्टोबरमध्ये एक शनिवार-रविवार त्यांना फिलाडेल्फियाला न्यायचा विचार आहे, एक रात्र मुक्काम करून. न्यूयॉर्क झालं, पण तिथल्या गर्दीने दोघंही दमले. फिलाडेल्फिया जुनं, पायी फिरता येण्यासारखं शहर आहे असं सगळे सांगतात, म्हणून हे ठरवलं.

तिथे राहणाऱ्यांनी किंवा नीट फिरून आलेल्यांनी कृपया मदत करा. अडचणी अशा:

आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर ती सावकाश बरंच चालते, पण जिने आणि तासभर रांगेत उभं राहणं जमत नाही. ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. बाबा मासे-चिकन खातात, बीफ-पोर्क नाही. बाबा पोस्टातून निवृत्त झालेत आणि जुन्या इमारती, जुने कागद यात रमणारा माणूस आहे.

इंडिपेन्डन्स हॉल, लिबर्टी बेल आणि रीडिंग टर्मिनल मार्केट यादीत आहेतच. तिकिटं आधी काढावी लागतात का? मार्केटमध्ये आईला खाण्यासारखं काय मिळेल? आणि जिथे सगळे जातात पण जिच्यात फारसा दम नाही, अशी कुठली जागा गाळता येईल?

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. व्हिसा मिळाल्यापासून आईच्या तोंडी डॉ. आनंदीबाई जोशींचं नाव आहे. त्या याच शहरात डॉक्टर झाल्या, हे तिला शाळेपासून माहीत आहे. त्यांचं कॉलेज अजून उभं आहे का? काही स्मारक, पाटी, फोटो? समाधी तिथेच आहे का? या एका गोष्टीसाठी मी दुसरं काहीही गाळायला तयार आहे.

आगाऊ धन्यवाद.

नदीकाठ:

अबोली, मी फिलीतच राहतो. पहिला सल्ला: शनि-रविऐवजी शुक्र-शनि करा. सुट्टी टाकावी लागली तरी चालेल. रीडिंग टर्मिनल मार्केट रविवारी उघडं असतं, पण तिथल्या आमिश (जुन्या, साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) लोकांचे गाळे रविवारी बंद असतात, आणि निम्मी मजा त्यांच्याकडेच आहे. शिवाय इंडिपेन्डन्स हॉलपाशी शुक्रवारी सकाळी शनिवारपेक्षा बरीच कमी गर्दी असते.

इंडिपेन्डन्स हॉलला वेळ ठरवून दिलेलं तिकीट लागतं. तिकीट फुकट, ऑनलाइन आरक्षणाचा एक डॉलर आकार. ते आजच काढा आणि सकाळची पहिली किंवा दुसरी वेळ घ्या. सुरक्षातपासणी असते, मोठ्या बॅगा नेऊ नका, आणि दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा. आत पार्क रेंजर माहिती सांगत नेतो. मुख्य खोल्या तळमजल्यावरच आहेत, त्यामुळे गुडघ्याची चिंता नको. फक्त थोडा वेळ उभं राहून ऐकावं लागतं.

बाबांना सांगा, असेंब्ली रूममध्ये समोरच्या खुर्चीकडे नीट बघायचं. याच खोलीत १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला आणि १७८७ मध्ये इथेच राज्यघटनेवर सह्या झाल्या. घटना समितीचे अध्यक्ष वॉशिंग्टन ज्या खुर्चीवर बसत, तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. सह्या चालू असताना म्हातारे बेंजामिन फ्रँकलिन म्हणाले होते, हा सूर्य उगवतीचा की मावळतीचा हे मला इतके दिवस उमगत नव्हतं, आज कळलं की उगवतीचा आहे. खुर्ची तीच आहे, नक्कल नाही. मी पाहुण्यांना घेऊन गेलो की दर वेळी तिच्यासमोर थांबतो.

लिबर्टी बेलला तिकीट नाही, पण रांग मोठी असते. आईंना उभं राहवत नसेल तर चेस्टनट स्ट्रीटच्या बाजूने काचेतून घंटा बाहेरूनही दिसते. आत गेलात तर एक लक्षात ठेवा. जी रुंद फट दिसते तो मूळ तडा नव्हे. १८४६ मध्ये बारीक तडा वाढू नये म्हणून त्याच्या कडा मुद्दाम कोरून रुंद केल्या, ती दुरुस्तीची खूण आहे. दुरुस्तीनंतर तडा वरच्या अंगाला आणखी सरकला आणि घंटा कायमची मुकी झाली. तुमच्या बाबांसारख्या माणसाला हे आवडेल.

आणि पोस्टातले म्हणालात म्हणून खास. मार्केट स्ट्रीटवर तिसऱ्या आणि चौथ्या रस्त्याच्या मध्ये फ्रँकलिन कोर्ट आहे. फ्रँकलिन हे अमेरिकेचे पहिले पोस्टमास्टर जनरल, नेमणूक १७७५ ची. त्यांच्या घराच्या आवारात जुन्या पद्धतीचं पोस्ट ऑफिस ठेवलंय आणि तिथून पत्र टाकलं की हाताने शिक्का मारतात: ‘बी. फ्री फ्रँकलिन’, त्यांच्या सहीसारखा. सांगलीच्या पत्त्यावर दोन-चार पोस्टकार्डं लिहून न्या. हेही शुक्रवारीच उरका, आणि उघडण्याच्या वेळा निघण्याआधी बघून घ्या. मागच्या अंगणात फ्रँकलिन यांचं घर नाही, ते केव्हाच पाडलं. त्याच्या जागी घराच्या आकाराचा नुसता पोलादी सांगाडा उभा केलाय.

तिथून एल्फ्रेथ्स अ‍ॅली चालत जवळ आहे. अठराव्या शतकातल्या घरांची अरुंद गल्ली, लोक अजून राहतात. दगडी फरसबंदी उंचसखल आहे, आईंचा हात धरा. जवळच पाचव्या रस्त्याच्या आणि आर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर फ्रँकलिन यांची कबर कुंपणाच्या गजांतून दिसते. तीवर लोक पेनी टाकतात. आत जायचे पैसे द्यायची गरज नाही.

गाळायचं असेल तर माझ्या मते बेट्सी रॉसचं घर गाळा. अरुंद जिने, लहान खोल्या, आणि अमेरिकेचा पहिला झेंडा तिनेच शिवला याला पक्का पुरावा नाही.

तिखटमीठ:

खाण्याचं मी सांगते.

फिलीचा चीजस्टेक, म्हणजे पावात चीजसोबत भरलेलं परतलेलं मांस, हे बीफच. नववा रस्ता आणि पॅश्युंक जिथे मिळतात तिथे पॅट्स हे १९३० पासूनचं दुकान आहे, समोर जीनोज. फोटोपुरतं ठीक, पण तुमच्या दोघांसाठी तिथे काही नाही, तेवढ्यासाठी साउथ फिलीपर्यंत जाऊ नका. बाबांना चव बघायचीच असेल तर बऱ्याच दुकानांत चिकन चीजस्टेक मिळतो. पण तवा तोच असतो, बीफ त्याच तव्यावर परतलेलं असतं. त्यांना चालणार नसेल तर आधी विचारा.

रीडिंग टर्मिनल मार्केटला अकराच्या आत पोहोचा. बारानंतर बसायला खुर्ची मिळत नाही आणि आईंना उभ्याने खावं लागेल. १८९० च्या दशकातल्या रेल्वे स्टेशनच्या फलाटांखाली हे मार्केट भरतं. आईंसाठी आधी मिलर्स ट्विस्टचा सॉफ्ट प्रेट्झेल. आमिश मुली समोरच पीठ लांब ओढून, पीळ घालून भट्टीत सरकवतात आणि गरम निघाल्यावर लोण्याचा ब्रश फिरवतात. बायलर्सचे डोनट सगळे नावाजतात, पण डोनटच्या पिठात अंडं असतं, तेव्हा ते बाबांसाठी. डच ईटिंग प्लेसचं अ‍ॅपल डम्पलिंग म्हणजे अख्खं सफरचंद पिठात गुंडाळून भाजलेलं, वर घट्ट साय ओतून देतात. त्या पारीत काय आहे ते काउंटरवर विचारा. इथल्या जुन्या पाककृतींत डुकराची चरबी वापरायची पद्धत आहे. राग मानत नाहीत, नीट सांगतात. बॅसेट्सचं आइस्क्रीम १८६१ पासूनचं आहे, व्हॅनिला घ्या, पण कुठल्या चवीत अंडं आहे तेही विचारून घ्या.

पोटभर जेवणासाठी दोन जागा. सॅन्सम स्ट्रीटवर गोल्डी आहे. तिथे सगळंच व्हीगन, त्यामुळे आईंनी काहीच विचारायला नको. फलाफल आणि तिळाच्या पेस्टचा शेक घ्या. दुसरं, वेस्ट फिलीत बाल्टिमोर अ‍ॅव्हेन्यू आणि पंचेचाळिसाव्या रस्त्याच्या आसपासची इथिओपियन हॉटेलं. शाकाहारी थाळी मागितली की आंबोळीसारख्या आंबवलेल्या मोठ्या पोळीवर मसूर, वाटाण्याच्या डाळीची आमटी, कोबी-बटाटा, पालेभाजी असं सगळं वाढून येतं. हातानेच खायचं. माझ्या सासूबाई परदेशी जेवणाला सहसा नाक मुरडतात, तिथे त्यांनी पोळी परत मागून घेतली.

चायनाटाउन रीडिंग टर्मिनलला लागूनच आहे. तिथे शुद्ध शाकाहारी चिनी हॉटेलंही सापडतील.

मोडीवाचक:

अबोलीताई, आनंदीबाईंबद्दल लिहितो. मी या विषयासाठीच फिलाडेल्फियाला गेलो होतो.

समाधी फिलाडेल्फियात नाही. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी ज्यांनी त्यांना अमेरिकेत घरच्यासारखं सांभाळलं त्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या गेल्या, आणि कार्पेंटर बाईंनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी आपल्या कुटुंबाच्या जागेत पुरल्या. पोकिप्सी रूरल सिमेटरी. तुमच्या घरून तो उलट्या दिशेचा, गाडीने दोनेक तासांचा रस्ता आहे. त्याची वेगळी चक्कर करा, आईंना नक्की न्या. शिवाय कार्पेंटर बाई ज्या रोझेल गावात राहत, १८८३ मध्ये आनंदीबाई बोटीतून उतरून जिथे आल्या, ते गाव न्यू जर्सीतच आहे, एडिसनपासून जवळ.

वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया तेव्हा नॉर्थ कॉलेज अ‍ॅव्हेन्यूवर होतं, गिरार्ड कॉलेजच्या उत्तरेला. १९३० मध्ये ते ईस्ट फॉल्सला हललं आणि पुढे विलीनीकरणं होत होत ड्रेक्सेल विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात मिसळलं. त्यामुळे ‘हेच ते कॉलेज’ म्हणून आईंना इमारत दाखवता येणार नाही. गिरार्ड कॉलेजची लांबलचक दगडी भिंत मात्र त्यांच्या काळातही होती. गाडीने त्या रस्त्यावरून एक फेरी मारा, उतरून फिरण्यासारखं तिथे काही नाही.

खरा ठेवा कागदांत आहे. कॉलेजचं जुनं दप्तर ड्रेक्सेलच्या अर्काइव्हमध्ये जपलंय. तीन विद्यार्थिनींचा तो प्रसिद्ध फोटो, आनंदीबाई नऊवारीत, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली, १० ऑक्टोबर १८८५ ला काढलेला, तिथलाच. त्यांचं प्रवेशासाठीचं पत्रही आहे. वय अठरा. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. फोटोत त्या लहानशा दिसतात. पत्र वाचलं की केवढ्या निर्धाराची मुलगी होती ते कळतं.

अर्काइव्हला आधी मेल करून वेळ मागा, तसंच जाऊन उभं राहू नका. आई-बाबा भारतातून आलेत आणि काय बघायचंय ते स्पष्ट लिहा. आडनाव त्यांच्या नोंदीत शेवटी दोन ‘ई’ लावून आहे, शोधताना तसंच टाका, नाहीतर काही सापडत नाही. मूळ कागद बघायची सोय त्या दिवशी झाली नाही तरी बऱ्याच कागदांच्या प्रती त्यांनी ऑनलाइन ठेवल्यात. निघण्याआधी छापून घ्या, मोठ्या अक्षरात, म्हणजे आईंना वाचता येईल. ११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई या समारंभासाठी मुद्दाम आल्या होत्या. एका शहरात, एका दिवशी आपल्या या दोघी. आईंना हे सांगाच.

आणखी एक. कलासंग्रहालयात मदुराईच्या देवळाचा सोळाव्या शतकातला दगडी मंडप आहे, खांबांसकट. फिलाडेल्फियाच्या एका बाईंनी १९१२ साली मदुराईत ते दगड विकत घेतले होते, १९१९ मध्ये ते संग्रहालयाकडे आले. बाबांना खांबांवरच्या मूर्ती अगदी हातभर अंतरावरून बघता येतील. शुक्रवारी संध्याकाळी तिकीट ऐच्छिक असतं, उशिरापर्यंत उघडं असतं. मंगळवार-बुधवार बंद. समोरच्या ‘रॉकी’ सिनेमातल्या ७२ पायऱ्या चढायची गरज नाही, मागच्या बाजूने सपाटीवरून आत जाता येतं.

अबोली:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! शुक्र-शनि पक्कं केलं, नवऱ्याने रजा टाकली. इंडिपेन्डन्स हॉलची सकाळची दुसरी वेळ मिळाली. अर्काइव्हला मेल केलाय. पोकिप्सीचं आईला आत्ताच वाचून दाखवलं, तिने लगेच विचारलं की तिथे फुलं कुठली न्यायची. ती चक्कर पुढच्याच आठवड्यात करू.

एकच राहिलं: गाडी न्यावी की ट्रेन?

नदीकाठ:

अर्काइव्ह आणि गिरार्डची फेरी करायची असेल तर गाडीच न्या. इंडिपेन्डन्स व्हिजिटर सेंटरच्या खाली भूमिगत पार्किंग आहे, तिथे लावली की ओल्ड सिटी सगळी पायी. ट्रेनने यायचं झालं तर एडिसनहून ट्रेन्टन, तिथे सेप्टाची (फिलाडेल्फियाची लोकल रेल्वे) गाडी बदलून जेफरसन स्टेशन. तिकिटं दोन वेगळी. जेफरसनला उतरलात की रीडिंग टर्मिनल मार्केट लगेचच आहे, आणि स्टेशनात लिफ्ट आहे.