मदत हवी आहे: मे महिन्यात मडगावात विणकामाचं कॉटन कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आम्ही सहकुटुंब गोव्याला चाललोय. मुक्काम बाणावलीला. नवरा आणि मुलं दिवसभर समुद्रात असणार, सासूबाई आणि मी सावलीत विणत बसणार. गोव्यातल्या, त्यातही मडगावातल्या दुकानांची माहिती हवी आहे. शिवाय समुद्रकिनारी विणकाम केलेल्यांचा अनुभवही.

काय विणायचंय ते आधी सांगते. नणंदेला ऑगस्टमध्ये बाळ होईल, आणि बारशाला मामीच्या हातचं दुपटं द्यायचं हे मी कधीचं मनाशी धरलंय. नणंद रत्नागिरीला असते. भर पावसाळा, दमट हवा. दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं. ते घाम शोषत नाही, तान्ह्या बाळाच्या अंगाशी मला ते नकोच. त्यामुळे कॉटन. साधारण ८० सेंटिमीटर चौरस दुपट्याला ४०० ग्रॅम तरी लागेल असा माझा अंदाज आहे, कारण कॉटन वजनाला जड भरतं. आणि सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले हवेत, नाहीतर मध्येच रंगाचा पट्टा उठून दिसतो.

इथे ठाण्यात अडचण अशी की थंडी सरली की दुकानदार लोकरीचा माल आत टाकतात. कॉटनच्या मोजक्या शेड बाहेर आहेत, त्यातही एका लॉटचं पुरेसं मिळेना. ऑनलाइन मागवायला मन घेत नाही. गुंडा हातात आला की मी सुटं टोक चिमटीत धरून पिळाच्या उलट फिरवून बघते. पदर लगेच सुटे झाले तर विणताना सुई टाक्यातून जायच्या ऐवजी दोऱ्यातच घुसते, आणि कॉटनला लवचीकपणा कमी म्हणून तो टाका पुढे वाकडाच दिसतो. हे फोटोत कसं कळणार?

गोव्यात क्रोशा आणि लेसचं काम पोर्तुगीज काळापासून घराघरांत आहे, त्यामुळे सासूबाईंचा २० नंबरचा पांढरा दोरा मिळेल याची मला काळजी नाही. प्रश्न दोन सुयांवरच्या जाड, चार पदरी कॉटनचा आहे. मडगावच्या न्यू मार्केटमध्ये ते मिळतं का? तिथे लोकरीचं वेगळं दुकान आहे, की आपल्याकडच्या गावांसारखं कटलरीच्या आणि लेस-बटणांच्या दुकानांतच विचारावं लागेल? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चांगला माल असेल तर तेवढ्यासाठी जायचीही माझी तयारी आहे, पण बाणावलीहून मडगाव, पणजी ओलांडून जायचं म्हणजे घरच्यांचा अख्खा दिवस मोडतो. म्हणून नक्की माहिती असेल तरच सांगा.

वेळेचंही सुचवा. मुलं जेवून झोपली की दुपारी मी मोकळी, पण गोव्यात नेमकी तेव्हाच बरीच दुकानं बंद असतात. संध्याकाळी उघडल्यावर बाजारात निवांत बघता येतं का, की सकाळीच जाऊन यावं? रविवार मी धरतच नाही.

आता सुयांबद्दल. माझ्याकडे आईच्या १० नंबरच्या, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या धातूच्या सुया आहेत. त्यांच्यावर माझा हात बसलाय, पण घामेजल्या बोटांतून त्या निसटतात. बांबूच्या सर्क्युलर घ्याव्यात असं वाटतंय. दोन्ही टोकं तारेने जोडलेली, त्यामुळे एक सुई वाळूत पडून हरवायची भीती नाही, आणि दुपट्याचं वजन मांडीवर राहतं. खाऱ्या दमट हवेत बांबूवर कॉटन अडकतं का? कुणी वापरल्या असतील तर आवर्जून लिहा.

वीण साबुदाण्याची ठरवली आहे. टाके विषम घातले की प्रत्येक ओळ सारखीच: एक सुलट, एक उलट, शेवटी सुलट. मोजत बसावं लागत नाही, समोर मुलांवर नजर ठेवून विणता येते. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, त्यामुळे बाळाला कसंही गुंडाळलं तरी चालतं. मात्र ही वीण सैल झाली की कॉटन धुतल्यावर आणखी पसरतं. ८ नंबरच्या जरा जाड सुईवर विणावं की १० वरच घट्ट ठेवावं? नमुन्याचा तुकडा विणून, धुवून, वाळवून बघणारच आहे, पण तो कॉटन हाती आल्यावर, म्हणजे तिकडे गेल्यावर.

वाळूपासून गुंडा कसा जपता? मी झाकणाला भोक पाडलेला प्लॅस्टिकचा डबा नेणार आहे, आत गुंडा, बाहेर फक्त दोरा. याहून सोयीचं काही असेल तर सांगा.

मडगावात राहणाऱ्या किंवा तिथे माहेर असलेल्या मैत्रिणींनी दुकानाची खूण दिली तरी पुरे, बाकी मी विचारत विचारत जाईन. मांडवी एक्स्प्रेसचं तिकीट आहे, दिवसाचा प्रवास. हाती असलेल्या कॉटनचा एखादा गुंडा घेऊन गाडीतच साबुदाण्याचा हात बसवून घेणार आहे.