मोठे, पातळ पोर्सेलिन स्लॅब न तडकता कसे कापावेत? (पुणे) – मदत हवी आहे

नमस्कार,

कोथरूडमधील आमच्या जुन्या सदनिकेच्या न्हाणीघराचे काम सध्या सुरू आहे. सांधे कमी, म्हणजे ते घासत बसणेही कमी, एवढ्याच हेतूने भिंतींसाठी १२०० × २४०० मिलिमीटरचे आणि ६ मिलिमीटर जाडीचे ५ पोर्सेलिन स्लॅब मोरबीहून मागवले. त्यांपैकी २ आज तुकडे होऊन जिन्याखाली पडले आहेत.

पहिला जिन्यातच गेला. लिफ्टमध्ये एवढी लांबी मावत नाही, म्हणून दोघा मजुरांनी तो दोन्ही टोकांना धरून, पलंगाची फळी न्यावी तसा आडवा वर आणला आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो मधोमध झुकून मोडला. वजन जेमतेम ४० किलो असल्याने दोघांना ते सहज पेलत होते, त्यामुळे यात काही चुकते आहे असे मलाही वाटले नाही.

दुसऱ्याचे दुखणे वेगळे आहे. खिडकीच्या कोपऱ्याशी काटकोनी खाच काढायची होती. आमचे मिस्त्री शहाबादी आणि कोटा फरशीच्या कामात मुरलेले आहेत. त्यांनी मार्बल कटरने उभा आणि आडवा काप घेतला, तुकडा सुटावा म्हणून दोन्ही काप कोपऱ्याच्या थोडे पुढे नेले आणि खाच व्यवस्थित निघालीही. परंतु स्लॅब भिंतीकडे नेण्यासाठी उचलताच त्याच कोपऱ्यातून तिरकी चीर थेट कडेपर्यंत गेली. मिस्त्री म्हणतात माल कच्चा आहे, विक्रेते म्हणतात हात कच्चा आहे.

उरलेल्या ३ स्लॅबपैकी एकात खिडकीची खाच आणि दुसऱ्यात डायव्हर्टरसाठी (नळ आणि शॉवर यांच्यात पाणी वळवणारी भिंतीतली कळ) गोल भोक घ्यायचे आहे. हे काम याच मिस्त्रींकडून होण्यासारखे आहे का, आणि त्यासाठी कोणती अवजारे लागतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

माल कच्चा असेलच असे नाही. पोर्सेलिन कठीण असते, पण ते वाकणे फारसे सोसत नाही, आणि आतल्या टोकदार कोपऱ्यावर सगळा ताण एकवटतो. कापाची रेघ कोपऱ्यापुढे गेली की चिरेला आयती वाट मिळते. म्हणून खाच काढण्याआधी आतल्या कोपऱ्यावर ८ ते १० मिलिमीटरचे भोक डायमंड बिटने पाडावे आणि दोन्ही काप त्या भोकातच संपवावेत. ब्लेड अखंड कडेचे डायमंड ब्लेड असावे आणि त्यावर पाणी सतत सोडावे. कोरड्या कापण्यातून उडणारी सिलिकाची धूळ फुफ्फुसांना घातक असते, तेव्हा मास्कही हवाच. गोल भोकासाठी डायमंड होल सॉ (ड्रिलला लावायची नळीसारखी गोल करवत) तिरका टेकवून सुरुवात करावी. ड्रिलचा हॅमर मात्र बंद ठेवावा.

सरळ कापासाठी मार्बल कटर वापरूच नये. रुळावर चालणाऱ्या चाकाने या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकसारख्या दाबाने, एकच रेघ मारावी. तीच रेघ पुन्हा गिरवल्यास काप वेडावाकडा फुटतो. नंतर खास पकडीने आधी एका टोकाशी, मग दुसऱ्या टोकाशी तोंड फोडून काप हळूहळू उघडावा. स्लॅबखालचे टेबल सपाट आणि पूर्ण लांबीचे असावे, आणि त्यावर खडा राहिलेला नाही हे हात फिरवून पाहावे.

वाहताना स्लॅब काचेसारखा उभा, लांब कडेवर न्यावा. सक्शन कप बसवलेल्या २ अ‍ॅल्युमिनियम पट्ट्या भाड्याने मिळाल्यास घ्याव्यात आणि खाच काढलेला स्लॅब भिंतीला लागेपर्यंत त्या सोडवू नयेत, कारण खाचेशेजारची अरुंद बाजूच सर्वांत आधी जाते. मिस्त्री बदलण्याची गरज मला वाटत नाही. फक्त पहिले २ काप तुटलेल्या तुकड्यांवर करून घ्यावेत. स्लॅबच्या पाठीला जाळी आहे का?

धागाकर्ती

होय, पाठीला फायबरची जाळी चिकटवलेली आहे.

प्रतिसाद १

मग स्लॅब रेघेवर फुटल्यावरही दोन्ही तुकडे जाळीने जोडलेले राहतील. ते ओढून वेगळे करू नयेत, टवके उडतात. जाळी धारदार कटरने कापून घ्यावी.