मदत हवी आहे: टँपाजवळ घराचा विमा परवडेनासा झालाय

नमस्कार मंडळी, फ्लोरिडात स्वतःचं घर असलेल्यांना विचारतेय. विम्याच्या नूतनीकरणाचं पत्र आलंय आणि आकडा पाहून डोळे पांढरे झाले. २०२४ च्या हेलीन-मिल्टन चक्रीवादळांनंतर वाढ होणार हे धरूनच चाललो होतो, पण इतकी?

एजंट म्हणतो, हरिकेन डिडक्टिबल (चक्रीवादळाच्या नुकसानीत आधी आपण सोसायचा वाटा) २ वरून ५ टक्के करा, हप्ता उतरेल. पण हे टक्के नुकसानीवर नसतात, घराच्या विमारकमेवर असतात! ४ लाख डॉलरच्या विम्याला पहिले २० हजार आपल्याच खिशातून. छप्पर उडालं तर एवढी रोकड आणायची कुठून? कुणी केलंय का असं?

विंड मिटिगेशन तपासणी (घर वादळी वाऱ्यात किती टिकेल याची) करून किती फरक पडला? आमच्या माळ्यावर छपराच्या लाकडांना भिंतीशी जखडणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या दिसतात, प्रत्येकीला तीन खिळे. त्यावर सवलत बसेल का?

सिटिझन्स या फ्लोरिडाच्या सरकारी विमा कंपनीचाही विचार चाललाय. पण खासगी कंपनीचा देकार सिटिझन्सच्या हप्त्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त महाग नसला की तिथून बाहेर पडावं लागतं म्हणे. कुणाला अनुभव?

‘विमाच सोडा’ असं कृपया सुचवू नका, बँकेचं कर्ज आहे.