ल्युपस: तीन वर्षं शांत आहे, गोळ्या बंद करता येतील का?

धाकट्या बहिणीला (वय २९, वजन ५२ किलो) ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उठते तो आजार) आहे. सुरुवात सांध्यांपासून झाली, मग गालांवर चट्टे. किडनीला काही नव्हतं. सध्या रोज एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) ४०० मिग्रॅ आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) ५ मिग्रॅ. तीन वर्षांत आजाराने उचल खाल्लेली नाही. घरचे म्हणतात, बरी आहेस तर गोळ्या सोड आणि गुळवेलीचा काढा घे. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची (सांध्यांचे आणि अशा आजारांचे डॉक्टर) वेळ दोन महिन्यांनी आहे. त्यांना नेमकं काय विचारायचं? तपासण्या कोणत्या, कधी?

वाटसरू:
कमी करायचं ते स्टेरॉइड. एचसीक्यू सोडायची नाही, आजार शांत आहे तो बराचसा तिच्यामुळेच. ही गोळी शरीरातून फार हळू जाते, अर्धी उतरायलाच साधारण ४० दिवस लागतात. त्यामुळे बंद केल्यावर महिनाभर काहीच होत नाही, ‘बघा, गरजच नव्हती’ असं वाटतं, आणि मग सांधे धरतात.

डोस मात्र तपासून घ्या. वजनाच्या किलोमागे रोज ५ मिग्रॅपर्यंत हा हिशोब. ५२ किलोला २६० होतात. ४०० म्हणजे किलोमागे पावणेआठ, आणि वर्षानुवर्षं तेवढा डोस डोळ्याच्या पडद्याला महाग पडतो. आठवड्यातले पाच दिवस २०० आणि दोन दिवस ४०० घेतले तर सरासरी २५७ पडते. हे मनाने करू नका, पण दोन महिने थांबूही नका, फोन करून विचारा.

डोळ्यांची तपासणी म्हणजे चष्म्याचा नंबर नव्हे! ओसीटी (पडद्याचं स्कॅन) आणि व्हिज्युअल फील्ड (नजरेच्या आवाक्याची तपासणी), अशी नावं घेऊन मागा. पहिली पहिल्या वर्षात, पाच वर्षांनंतर दरवर्षी. डोस जास्त असेल किंवा किडनी कमजोर असेल तर पाच वर्षांची वाट बघायची नाही.

शेवगा:
स्टेरॉइडबद्दल. तीन वर्षं बाहेरून मिळाल्यामुळे शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी सुस्तावलेली असते, एकदम बंद केलं तर चक्कर, उलट्या, रक्तदाब घसरणं. डॉक्टर सहसा चार आठवड्यांना १ मिग्रॅ किंवा त्याहून सावकाश उतरवतात. उतरवल्यावर पहिले काही दिवस नुसतं अंग दुखलं तर बहुधा ते कमी केल्याचं. सांध्याला सूज, तोंडात फोड, नवा चट्टा दिसला तर आजार.

दुकानदाराने ‘तीच आहे’ म्हणून दुसरी स्टेरॉइडची गोळी दिली तर आकडा बघा: प्रेडनिसोलोन ५ = मिथाइलप्रेडनिसोलोन ४ = डिफ्लाझाकॉर्ट ६.

प्रश्नकर्ती:
लघवीची तपासणी दीड वर्षात झालेली नाही. काही त्रासच नाही तिला.

काजवा:
त्रास नसतो म्हणूनच करायची. ल्युपसमध्ये किडनी दुखत नाही. पायाला सूज येईपर्यंत बरंच प्रथिन वाहून गेलेलं असतं. दर तीन ते सहा महिन्यांनी रूटीन आणि प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो, सकाळच्या पहिल्या लघवीचा, पाळीच्या दिवसांत नको. रेशो ०.५ च्या वर टिकला तर किडनीच्या बायोप्सीचा (तुकडा काढून तपासण्याचा) विषय निघतो. सोबत रक्ताच्या तपासण्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीचं काम), आणि आजाराची हालचाल दाखवणाऱ्या सी३, सी४, अँटी-डीएसडीएनए. एएनए (निदानाच्या वेळी करतात ती अँटीबॉडी तपासणी) पुन्हा पुन्हा करून पैसे घालवू नका, त्यावरून आजार वाढला की उतरला ते कळत नाही.

ताप आला तर ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) दोन्ही करा. नुसत्या ल्युपसमध्ये ईएसआर चढतो, सीआरपी बऱ्याचदा फारसा हलत नाही. तो बराच वर गेला तर आधी जंतुसंसर्ग शोधायचा.

गुळवेल नको. ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हीच इथे अडचण आहे, ल्युपसमध्ये ती आधीच घरच्यांवर उठलेली असते. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला झालेल्या इजेची प्रकरणं प्रसिद्ध केली, त्यांतल्या काहींना आधीपासून ऑटोइम्यून (ल्युपससारखे) आजार होते.

वाटसरू:
एक राहिलं. मूल हवं असेल तर आधी सांगा: आजार निदान सहा महिने शांत हवा, एचसीक्यू गरोदरपणातही चालू राहते, आणि अँटी-रो व अँटीफॉस्फोलिपिड या अँटीबॉडीच्या रक्ततपासण्या आधी झालेल्या हव्यात. तोवर इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या विचारल्याशिवाय नकोत.