युद्ध म्हटलं की कोणता घास आठवतो?

मला पिठलं आठवतं. ३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानने आपल्या हवाई तळांवर हल्ले केले आणि मुंबईत ब्लॅकआउटच्या रात्री आल्या. दादरच्या चाळीत आम्ही काचांना काळे कागद डकवले होते. जरा तिरीप दिसली की खालून आरोळी यायची, "ए दुसरा माळा, लाइट!" म्हणून आई दिवस मावळायच्या आत स्टोव्ह उरकायची. रोज पिठलं-भात, झटपट होतं, रॉकेल वाचतं. अंधारात ताटातली मिरची दिसायची नाही. ती चावली की भाऊ "बॉम्ब पडला" म्हणून बोंब मारायचा आणि वर आईचा धपाटा खायचा.

तुमच्याकडे काय शिजायचं? लढायांचा इतिहास नको, ताटातलं सांगा.

*

आमचं राजापूरचं, त्याच्याही आधीचं. आजी सांगायची, १९४२ मध्ये जपानने रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. आजोबा मुंबईला गिरणीत. १९४३ ला तिथे रेशनिंग आलं. इकडे त्यांची मनीऑर्डर यायची, पण पैसे देऊनही तांदूळ मिळेना. सकाळी नाचणीची आंबील, रात्री कुळथाची पिठी. भात फक्त बाळंतिणीला आणि तापकऱ्याला. आजीच्या धाकट्या दिराने भातासाठी तापाचं सोंग घेतलं, तर पणजीने त्याला भात दिलाच नाही, वर दोन दिवस काढा पाजला! आजीने मात्र पुढे आयुष्यभर पाहुण्यांच्या पानात कुळीथ वाढलं नाही. तिला त्यात कमीपणा वाटायचा.

*

१९६५, सातारा. शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा म्हणून सांगितलं, तेव्हा सोमवारी रात्री चूल बंद. आम्हा पोरांना दाणे-गूळ. आई सोमवार करायचीच. "तो महादेवाचा, त्यात देशाचं काय?" म्हणत ती मंगळवारी रात्रीही जेवायची नाही.

*

कुवेत, १९९०. २ ऑगस्टला इराकी सैन्य शिरलं तेव्हा मी शाळकरी होते. बाबा पहाटेपासून बेकरीच्या रांगेत, मिळेल तेवढं खबूस, म्हणजे तिकडची अरबी रोटी, आणायचे. पुढे बसने बसरा, बगदाद करत अम्मानला निघालो तेव्हाही शिदोरी तीच, सोबत कांदा. वाळून इतकं कडक व्हायचं की पाण्यात बुडवून खावं लागे, आणि पाणीही जपून. अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईत उतरलो. आत्याने पुरणपोळ्या केल्या होत्या. धाकट्याने पोळी उलटीपालटी करून विचारलं, "खबूस नाहीये?" आत्या रडायलाच लागली. आई म्हणाली, "वन्सं, त्याला सवय झालीय, मनावर घेऊ नका."

*

मी युक्रेनमध्ये खारकीव्हला मेडिकलला होतो. फेब्रुवारी २०२२, होस्टेलचं तळघर. कोरडी मॅगी आणि लातूरहून आणलेली शेंगदाण्याची चटणी. केरळचा रूममेट ती ब्रेडला लावून खायचा. आता तो घरी मागवतो, मी मात्र मॅगीच्या वाटेला जात नाही.

*

राजापूरकर, पिठी पातळ की घट्ट?

*

पातळच हो. लसणीची खमंग फोडणी, मिरची, पाण्यात कालवलेलं पीठ, दोन कोकमं शेवटी. घट्ट करायला पीठ जास्त लागतं. आणि भातच नव्हता तर कालवणार कशात? वाटीने प्यायचे सगळे.