मदत हवी आहे: रिकॉम्बिनंट ह्युमन कोलॅजनवर पेशी चिकटत नाहीयेत, अर्जंट

निळीपिपेट: नमस्कार, बडोद्यात पीएचडी करतेय. रिकॉम्बिनंट ह्युमन कोलॅजन वनची (मानवी जनुक पेशीत घालून बनवलेल्या कोलॅजन प्रोटीनची) व्हायल मागवली, प्लेट कोट केली, फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी) टाकले तर सगळे गोल गोल, धुतलं की निघून जातात. ३७ डिग्रीला जेलपण होत नाही. ब्रॅडफर्डमध्ये (रंगाने प्रोटीन मोजायची टेस्ट) प्रोटीन जवळजवळ दिसतच नाही. सोमवारी गाईडना डेटा द्यायचाय, व्हायल महाग आहे. कंपनीनं फसवलंय का? प्लीज लवकर सांगा.

मांडवीकर: बनवलंय कशात? अख्खी साखळी की तुकडा? मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात) सीरम आहे का?

निळीपिपेट: कोलॅजन वन लिहिलंय की वर. मीडिया नेहमीचाच.

जुनाहात: सरळ रॅट टेल (उंदराच्या शेपटीचं कोलॅजन) आण. ०.०२ नॉर्मल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये पातळ कर, चौरस सेंमीला ५ मायक्रोग्रॅम, तासभर ठेव, पीबीएस बफरने धू, झालं. आमच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं हेच चालतं, रिकॉम्बिनंटचं खूळ कशाला?

मांडवीकर: खूळ कसं? गुडपाश्चरच्या (किडनी-फुप्फुसांचा ऑटोइम्यून आजार) रुग्णाच्या रक्तातल्या अँटिबॉडी बघायच्या तर माणसाच्या टाइप फोरच्या अल्फा ३ साखळीचा एनसी वन डोमेनच (टोकाचा भाग) एलायझाच्या (अँटिबॉडीची टेस्ट) प्लेटवर लागतो. तिथे रॅट टेल काय करणार?

जुनाहात: तिला पेशी चिकटवायच्यात हो, किट नाही बनवायचं.

सुरसागर_काठ: मे महिन्यात कुरिअरनं आलं असेल तर ते गेलंच समज. आपल्याकडे ४२-४३ डिग्री, आइस पॅकचं पाणी होतं. मी तर एन्झाइम उन्हाळ्यात मागवतच नाही.

गृहिणी_अलकापुरी: माझ्या सासूबाई गुडघ्यांसाठी कोलॅजन पावडर दुधातून घेतात, हे तेच का? शाकाहारी मिळतं का बडोद्यात?

मांडवीकर: काकू, ती पावडर बहुतेक जनावराच्या किंवा माशाच्या कातडीची असते, डबा वाचून बघा. हे लॅबचं आहे, खायचं नाही. निळीपिपेट, डेटाशीट वाचून टाक ना इथे.

निळीपिपेट: होस्ट ई. कोलाय (बॅक्टेरिया), पार्शल म्हणजे तुकडा, हिस टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेली शेपटी), लायोफिलाइज्ड (गोठवून वाळवलेलं), वजन ३० केडीए. माझ्या जेलवर बँड ४० च्या आसपास आलाय, म्हणून तर शंका आली. मीडिया सीरम-फ्री.

मांडवीकर: हे आधी सांगायला हवं होतंस. कोणी फसवलेलं नाही. कोलॅजन म्हणजे तीनपेडी वेणी, आणि ती शरीराच्या तापमानाला घट्ट राहते ती हायड्रॉक्सिप्रोलिन या बदललेल्या अमिनो आम्लामुळे. ते बनवायला प्रोलिल हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम लागतं, साध्या ई. कोलायमध्ये ते नसतं. हायड्रॉक्सिलेशन नसलेलं अख्खं कोलॅजनसुद्धा २४-२५ डिग्रीला उलगडतं, तुझा तर तुकडा, मग ३७ ला जेल कुठून होणार? पेशींचा अल्फा २ बीटा १ इंटिग्रिन (पेशीचा पकडणारा हात) ज्या जागी धरतो तिथे ट्रिपल हेलिक्सही (तीच वेणी) लागतं आणि हायड्रॉक्सिप्रोलिनही. सीरम असतं तर त्यातल्या फायब्रोनेक्टिन या चिकट प्रोटीनवर पेशी बसल्या असत्या आणि तुला वाटलं असतं कोटिंग छान झालंय.
बँड वर येणं कोलॅजनमध्ये नेहमीचंच. ब्रॅडफर्डचा डाय कोलॅजनला नीट धरत नाही, २८० नॅनोमीटरच्या रीडिंगवरही भरवसा नको, हेलिक्सच्या भागात तिथे प्रकाश शोषणारं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नसतं. बीसीए ही दुसरी प्रोटीन टेस्ट कर, स्टँडर्ड म्हणून बीएसए या गाईच्या रक्तातल्या प्रोटीनऐवजी जिलेटिन घे.
सुरसागर, ऊन लागून वितळायला यात हेलिक्सच नाही.

सुरसागर_काठ: तरी लायोफिलाइज्ड असलं म्हणून काय झालं, मी आइस पॅकशिवाय घेणारच नाही.

निवृत्त_मास्तर: मुलांनो, कोलॅजनची ही तीनपेडी रचना आपल्या देशात सापडली, १९५४-५५ ला मद्रासमध्ये, जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था. नमुना कांगारूच्या शेपटीचा. फार आनंद झाला तरुण मुलं यावर बोलताना बघून.

निळीपिपेट: धन्यवाद सर. मग या व्हायलचं करू काय? टाकून देऊ?

मांडवीकर: अजिबात नको. वेस्टर्न ब्लॉटला (अँटिबॉडीने प्रोटीन ओळखायची टेस्ट) पॉझिटिव्ह कंट्रोल, एलायझाचं स्टँडर्ड, मस्त चालेल, फक्त तुझी अँटिबॉडी ज्या भागाला धरते तो या तुकड्यात आहे का ते बघ. छोटे भाग करून उणे २० ला ठेव, पुन्हा पुन्हा वितळवू नकोस. पेशींसाठी माणसाचंच हवं असेल तर मानवी पेशींतलं घे, किंवा यीस्ट नाहीतर तंबाखूच्या झाडातलं, पण हायड्रॉक्सिलेजसकट बनवलेलं.

जुनाहात: सोमवारपर्यंत कुठलं येणार ते? रॅट टेलच लाव, शेजारी नुसतं बीएसए लावलेली वेल (प्लेटमधला खळगा) आणि तुझा तुकडा, तिन्ही एकाच प्लेटवर, सीरम-फ्रीमध्येच. तिसऱ्या वेलमध्ये पेशी न बसणं हाही डेटाच आहे. आणि मॅग्नेशियम असलेला बफर वापर, ईडीटीए (मॅग्नेशियम पकडून ठेवणारं रसायन) नीट धुऊन काढ, नाहीतर रॅट टेलवरसुद्धा बसणार नाहीत.

मांडवीकर: हे मात्र पटलं.

निळीपिपेट: करते. फतेगंजच्या आसपास कोणाकडे थोडं रॅट टेल मिळेल का? महिनाअखेर परत देईन.

जुनाहात: मेसेज बघ. बर्फाचा डबा घेऊन ये, आणि नेल्यावर ४ डिग्रीलाच ठेव, फ्रीझ करू नकोस.