विजापूर रोडचा पत्ता पाकिटावर नेमका कसा लिहावा?

नवीन सोलापूरकर :
नमस्कार. सहा महिन्यांपूर्वी आम्ही नांदेडहून सोलापुरात विजापूर रोडला राहायला आलो. तेव्हापासून एका बँकेने पाठवलेले एटीएम कार्ड ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा घेऊन दोनदा परत गेले आहे. बँकेकडे नोंदवलेला पत्ता असा आहे : ‘पाण्याच्या टाकीमागे, प्लॉट नं. १७, सोलापूर, विजापूर रोड’. घर शोधत येणारे पाहुणे याच पत्त्यावर बिनचूक पोहोचतात, मग टपालाला काय अडते? पत्ता लिहिण्याची रीतसर पद्धत कृपया सांगावी.

सॉर्टिंगवाले काका :
पाहुणे वाटेत चार ठिकाणी विचारतात आणि शेवटी फोन करतात. पाकिटाला ती सोय नसते. आपल्या पत्त्यात सोसायटीचे नाव नाही आणि पिन कोडही नाही. विजापूर रोडला सतरा नंबरचा प्लॉट जवळजवळ प्रत्येक सोसायटीत सापडेल, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून पोस्टमनने कोणत्या दारात उभे राहावे?

टपालाची छाननी करणारा माणूस पत्ता खालून वर वाचतो, तर बीटवरचा पोस्टमन वरून खाली वाचतो. म्हणून सर्वांत वर पूर्ण नाव, त्याखाली घर किंवा प्लॉट क्रमांक व सोसायटी, मग रस्ता किंवा पेठ, आणि शेवटी शहर व पिन कोड, असा लहानाकडून मोठ्याकडे जाणारा क्रम ठेवावा. खूण द्यायचीच असेल तर ती रस्त्याच्या ओळीत द्यावी, तिने पत्त्याची सुरुवात करू नये.

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच मराठी अधिकाऱ्याने आखली. एकाच नावाची अनेक गावे आणि देशातल्या अनेक लिप्या, या दोन्ही अडचणींवर तो उतारा होता. त्यातील पहिले तीन आकडे छाननीचा विभाग दाखवतात आणि शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय. ४१३ वाचून केवळ सोलापूर समजू नये, कारण बारामती ४१३१०२ आहे आणि लातूर ४१३५१२. खरा निवाडा शेवटच्या तीन आकड्यांवर होतो. विजापूर रोडला बहुधा ४१३००४ लागेल, तरी शेजाऱ्यांकडे आलेले एखादे पाकीट पाहून खात्री करून घ्यावी. परराज्यातून टपाल येणार असेल तर हे आकडे इंग्रजीत लिहावेत.

टॉवेल-चादर :
काकांच्या म्हणण्यात एक भर घालते. आपल्या गावचे रस्ते दुसऱ्या गावांच्या नावाने ओळखले जातात : विजापूर रोड, अक्कलकोट रोड, होटगी रोड. आमच्या एका गिऱ्हाईकाने परत पाठवलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर छापील चिठ्ठीत जागा न पुरल्यामुळे ‘सोलापूर’ कापले गेले, शेवटची ओळ ‘विजापूर’वर थांबली, आणि पिन कोड नसल्याने गठ्ठा थेट कर्नाटकात जाऊन आला. तिथले पिन कोड ५ने सुरू होतात, म्हणजे पहिला आकडा जरी असता तरी तो रस्ता चुकला नसता. आपल्या पत्त्यातही शेवटी विजापूर रोडच आहे, ते आधी बदला. पेठांचेही तसेच आहे. भवानी पेठ, बुधवार पेठ आणि शुक्रवार पेठ पुण्यातही आहेत, त्यामुळे शहराचे नाव गृहीत धरू नये.

नवीन सोलापूरकर :
दोघांचेही आभार. शेजारच्या काकूंच्या वीजबिलावर ४१३००४ सापडला. बँकेच्या अर्जात शहर आणि पिन कोड यांचे रकाने वेगळे आहेत. तरीही मी रस्त्याच्या ओळीत सोलापूर पुन्हा लिहावे का?

सॉर्टिंगवाले काका :
नको. ओळ लांबली की चिठ्ठीवर तीच कापली जाते. पहिल्या ओळीत प्लॉट व सोसायटी, दुसरीत ‘पाण्याच्या टाकीमागे, विजापूर रोड’ एवढेच लिहा आणि मोबाइल क्रमांक जरूर भरा.